स्क्रीन काळी म्हणजे कॉम्प्युटर गेला असं नाही: चालू करताना डिस्प्ले येत नसेल तर आधी हे बघा

हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. कॉम्प्युटरसमोर बसून एकेक पायरी करायची असेल तर हे पान मोबाईलवर उघडं ठेवा.

मी सिल्लोडहून बोलतोय. आजचा विषय ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे त्या सगळ्यांच्या कामाचा. बटण दाबलं, सीपीयूचा पंखा फिरला, लाईट लागली, आणि स्क्रीन? काळी ती काळीच.

अशा वेळी घरातलं पहिलं वाक्य असतं, "गेला वाटतं." दुसरं, "किती खर्च येईल?" आपल्याकडे बऱ्याच घरांत कॉम्प्युटर सेकंड हँड येतो. मिरचीचे नाहीतर मक्याचे पैसे हातात आले की पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून घेतलेला. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला डेलचा किंवा एचपीचा डबा, जुना मॉनिटर, कीबोर्ड, माऊस. त्यावर एमएस-सीआयटीचा सराव चालतो, टायपिंग चालतं, कॉलेजचे प्रोजेक्ट होतात. तो बंद पडला की दोनच रस्ते दिसतात. एक तर गावातलं दुकान, नाहीतर एसटीत मांडीवर डबा घेऊन साठ-पासष्ट किलोमीटरवरचं संभाजीनगर. दोन्हीकडे पैसाही जातो आणि दिवसही.

म्हणून आज एकच गोष्ट सांगायचीय. काळी स्क्रीन म्हणजे नुसता ताप. ताप कशामुळे आलाय ते बघितल्याशिवाय कोणी ऑपरेशन करत नाही. तसंच चित्र नेमकं कुठे अडकलंय ते कळल्याशिवाय नवीन वस्तूवर एक रुपया खर्च करू नका. आणि ते शोधायला अर्धा-पाऊण तास आणि हातातला मोबाईल, एवढं बहुतेक वेळा पुरतं.

बटण दाबल्यावर आत काय होतं?

आधी रस्ता समजून घेऊ. भिंतीतल्या प्लगमधून २३० व्होल्ट येतात. डब्यातला एसएमपीएस, म्हणजे ती पंखा असलेली लोखंडी पेटी, त्याचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देते. वीज मिळाली की मदरबोर्डवरच्या छोट्या चिपमधला बायोस जागा होतो. (नवीन मशिनमध्ये त्याला यूईएफआय म्हणतात, काम तेच.) तो शाळेतल्या गुरुजींसारखी हजेरी घेतो. प्रोसेसर? हजर. रॅम? हजर. ग्राफिक्स? हजर. या हजेरीला पोस्ट म्हणतात, म्हणजे पॉवर ऑन सेल्फ टेस्ट. आयबीएमने १९८१ मध्ये पहिला पीसी काढला, त्यातही ही हजेरी होती आणि आजच्या मशिनमध्येही आहे.

हजेरी नीट झाली की स्क्रीनवर कंपनीचा लोगो येतो. त्यानंतर विंडोज उठतं.

आता यातली गंमत बघा. रॅम गैरहजर असेल तर बायोस बहुतेक वेळा चित्र काढायच्या आधीच थांबतो. म्हणजे मॉनिटर एकदम ठणठणीत, केबल ठणठणीत, आणि तरी स्क्रीन काळी. म्हणून नुसत्या काळ्या स्क्रीनकडे बघून कोणालाच खात्रीने सांगता येत नाही की काय गेलंय.

मग शोधायचं कसं? शेतातली पाईपलाईन आठवा. शेवटच्या वाफ्याला पाणी येत नसेल तर आपण सगळी पाईप उकरत बसत नाही. मधला एखादा जॉइंट उघडून बघतो. तिथपर्यंत पाणी आलंय? मग बिघाड पुढे. नाही आलं? मग मागे. आपण अगदी हेच करणार आहोत. चित्राचा रस्ता असा: वीज, डबा, पोर्ट, केबल, मॉनिटर.

पहिली तपासणी: वीज

हसू नका, इथेच बरीच प्रकरणं मिटतात. मॉनिटरची आणि डब्याची पॉवर केबल दोन्ही टोकांनी घट्ट दाबा. डब्याच्या मागे एसएमपीएसला एक छोटं काळं बटण असतं, ते चालू आहे ना बघा. साफसफाईत ते बंद होतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

यूपीएस असेल तर त्याला थोडा वेळ बाजूला ठेवा आणि कॉम्प्युटर थेट भिंतीच्या थ्री-पिन सॉकेटला लावून बघा. यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली की लोड आल्याबरोबर तो मान टाकतो. शेतवस्तीवर राहणाऱ्यांनी अजून एक बघायचं. विहिरींच्या मोटारी सुरू असताना व्होल्टेज खाली येतं आणि जुना एसएमपीएस तेवढ्यावर उठत नाही. मोटारी बंद असतानाच्या वेळेला एकदा चालू करून बघा.

आणि हो, डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नीट नाही. आधी वायरमनला बोलवा, कॉम्प्युटरचं नंतर बघू.

दुसरी तपासणी: मॉनिटर खरं बोलतोय का?

आता मधला जॉइंट उघडायचा. मॉनिटरची पॉवर चालू ठेवा, पण चित्राची केबल कॉम्प्युटरच्या बाजूने काढा. काढण्याआधी मोबाईलने मागच्या बाजूचा एक फोटो काढा, म्हणजे कोणती वायर कुठे होती याचा वाद नको.

आता मॉनिटर बंद करून चालू करा. स्क्रीनवर "नो सिग्नल" किंवा "चेक केबल" असं काही आलं? मग आनंद माना. मॉनिटरला वीज मिळतेय, पडदा उजळतोय, अक्षरं दिसतायत. "मला चित्र कोणी पाठवतच नाहीये," एवढंच तो सांगतोय. बिघाड केबलमध्ये नाहीतर डब्यात.

काहीच आलं नाही, पण मॉनिटरची छोटी लाईट लागलीय? मग टॉर्च टेस्ट करा. केबल परत जोडा, कॉम्प्युटर चालू करा, खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ तिरका धरा. फिकट सावलीसारखं चित्र दिसलं तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड, म्हणजे बॅकलाईट गेलाय. डबा अगदी व्यवस्थित आहे. लॅपटॉपलाही हीच युक्ती चालते.

लाईटसुद्धा लागत नसेल तर मॉनिटरची पॉवर केबल बदलून बघा. बऱ्याच मॉनिटरला आणि सीपीयूला एकाच प्रकारची केबल लागते, तेव्हा अदलाबदल करून पाहता येतं. मॉनिटरला अडॅप्टर असेल तर तेवढ्याच व्होल्टचा दुसरा मिळतो का बघा.

सगळ्यात सोपी परीक्षा अजून राहिली. घरात एचडीएमआय असलेला टीव्ही आहे? कॉम्प्युटरला एचडीएमआय असेल तर त्याच्याशी जोडा आणि रिमोटने योग्य इनपुट निवडा. टीव्हीवर चित्र आलं की मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळे एका झटक्यात निर्दोष सुटले. हाच प्रयोग लॅपटॉपवर केला तर स्क्रीन गेलीय की मशीन, तेही कळतं.

अजून एक मेसेज लक्षात ठेवा: "आउट ऑफ रेंज" किंवा "इनपुट नॉट सपोर्टेड". म्हणजे चित्र येतंय, पण या मॉनिटरला झेपत नाही एवढ्या रिझोल्यूशनचं नाहीतर रिफ्रेश रेटचं येतंय. टीव्हीला जोडून सेटिंग कमी करा, झालं काम.

तिसरी तपासणी: केबल आणि भोक

व्हीजीए केबल, म्हणजे निळ्या टोकाची, दोन स्क्रूवाली, १५ पिनांची. ही १९८७ मध्ये आयबीएमने आणली आणि आपल्याकडच्या जुन्या मॉनिटरवर अजून चालू आहे. तिच्या पिना वाकतात. टोक डोळ्यासमोर धरून बघा, सगळ्या पिना सरळ रांगेत आहेत का. (एखादी जागा मुळातच रिकामी असते, तिला घाबरू नका.) आणि ते दोन स्क्रू हाताने आवळा, ते शोभेसाठी दिलेले नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डब्याच्या मागे चित्राची भोकं दोन ठिकाणी असू शकतात. वर, यूएसबी आणि नेटच्या भोकांजवळ, ती मदरबोर्डची. खाली, आडव्या पट्टीवर, ती वेगळ्या ग्राफिक्स कार्डची. कार्ड बसवलेलं असेल तर केबल खालीच लावायची. बऱ्याच मशिनमध्ये कार्ड बसवलं की वरचं भोक आपोआप बंद होतं.

गोळेगावकडच्या एका ताईचा मला व्हॉइस मेसेज आला होता. प्रवेशाचा फॉर्म भरायचा, तारीख चार दिवसांवर, आणि स्क्रीन काळी. एका दुकानात न उघडताच सांगितलं, "बोर्ड गेला असणार, नवीनच घ्या." घरात त्यावरून बोलाचाली सुरू, कारण तेवढे पैसे नव्हते. मी म्हटलं, "ताई, मागचा फोटो पाठवा." फोटोत दिसलं की खाली कार्डाची पट्टी आहे, आणि केबल लावलीय वरच्या भोकात. विचारलं, कॉम्प्युटर हलवला होता का? तर म्हणाल्या, "हो दादा, दिवाळीत भिंतींना रंग दिला तेव्हा." केबल खाली लावली, लोगो आला. खर्च शून्य. तारखेच्या आत फॉर्म गेला.

उलटंही होतं बरं का. काही प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच. इंटेलच्या नावाच्या शेवटी "एफ" असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. अशा मशिनमधलं कार्ड गेलं किंवा काढलं, तर वरच्या भोकात काहीही लावा, चित्र येणारच नाही. सेकंड हँड घेताना हे विचारून घ्या.

चौथी तपासणी: डबा जिवंत आहे का?

केबल ठीक, मॉनिटर ठीक, तरी काळोख. आता डब्याची नाडी बघू.

चालू करून दोन मिनिटं थांबा. मग कीबोर्डचं नम लॉक किंवा कॅप्स लॉक दाबा. त्याची छोटी लाईट लागते-विझते? मग कॉम्प्युटर आत जागा आहे आणि चित्राचाच घोळ आहे. लाईट ढिम्म? मग हजेरीतच कुठेतरी गाडी अडकलीय.

दुसरं, आवाज ऐका. मोबाईलचा रेकॉर्डर चालू करून डब्याजवळ ठेवा आणि बटण दाबा. साधारणपणे एक छोटी बीप म्हणजे हजेरी पूर्ण. पुन्हा पुन्हा लांब बीप येत राहिली तर बऱ्याच बोर्डांवर अर्थ रॅम. एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे ग्राफिक्स, ही आयबीएमच्या काळापासूनची खूण. पण प्रत्येक कंपनीचे संकेत वेगळे असतात. म्हणून रेकॉर्डिंग ठेवा, आपल्या मॉडेलचं नाव टाकून कंपनीच्या साईटवर शोधा.

तिसरं, लाईट बघा. डेलच्या ऑफिस मशिनचं पॉवर बटण पिवळसर-नारिंगी झालं, एचपीचं लाल लुकलुकायला लागलं, की मशीन स्वतःच बिघाड सांगतंय. किती वेळा लुकलुकतं त्याचा व्हिडिओ काढा. नवीन मदरबोर्डवर तर चार छोट्या लाईटच असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जी लागून राहते, तिथे गाडी अडकली.

यानंतर विजेचा पूर्ण निचरा करा. प्लग काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग परत लावून चालू करा. लाईट ये-जा झाल्यावर अडकलेली मशीनं कधीकधी एवढ्यानेच उठतात.

पाचवी तपासणी: रॅम आणि खोडरबर

आता डबा उघडायचा. प्लग भिंतीतून काढलेला पाहिजे, नुसतं बटण बंद नको. उघडल्यावर आधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. आपल्याकडच्या कोरड्या हिवाळ्यात याची फार गरज असते.

रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या क्लिपा उघडून सरळ वर काढा. खालच्या सोनेरी पट्ट्या बघा. काळपट दिसतायत? शाळेतला पांढरा मऊ खोडरबर घ्या, हलक्या हाताने एकाच दिशेने घासा, कोरड्या सुती कापडाने पुसा. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. स्लॉटमधली धूळ मऊ ब्रशने काढा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो. पट्टी परत बसवताना तिची खाच जुळवा आणि "कट" असा आवाज येईपर्यंत दाबा.

दोन पट्ट्या असतील तर एक-एक लावून बघा. एका पट्टीवर चालतंय आणि दुसरीवर नाही, तर गुन्हेगार सापडला. ग्राफिक्स कार्ड असेल तर तेही काढून परत घट्ट बसवा.

फक्त एक सांगतो. मशीन अगदी नवीन, डीडीआर५ रॅमवालं असेल तर रॅम हलवल्यावर पहिल्यांदा चालू व्हायला काही मिनिटं लागू शकतात, आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. घाईने बंद करू नका.

मग आहे बोर्डावरचा गोल सेल. नाव सीआर२०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्टचा. वाकडी झालेली बायोसची सेटिंग मूळपदावर आणायला, प्लग काढलेला असताना हा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवून परत बसवतात. तारीख दरवेळी जुनी दाखवत असेल तर सेल बदला. तारीख चुकली की फॉर्मच्या साईटसुद्धा "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून उघडत नाहीत. सेल काढण्याआधी एकच बघा: विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर नंतर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये मिळते का, मोबाईलवरून आधी बघून ठेवा.

लोगो दिसतो आणि मग काळोख?

हे प्रकरण वेगळं. लोगो दिसला म्हणजे केबल, मॉनिटर, रॅम, ग्राफिक्स यांनी हजेरी लावली. इथे कोणी "बोर्ड गेला" म्हणालं तर थोडं थांबा. घोळ बहुतेक विंडोजचा किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो.

आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. मग विंडोज आणि पी दाबून बघा, कदाचित चित्र न जोडलेल्या दुसऱ्या स्क्रीनला जात असेल. तरी नाही? मग लोगो आल्यावर पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं सलग दोन-तीन वेळा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचं पान उघडतं. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ दाबून सेफ मोड. आत जाऊन नुकताच टाकलेला ड्रायव्हर काढा. हे जबरदस्तीने बंद करणं रोजची सवय करू नका, फक्त अडलं तरच.

आणि निळी स्क्रीन आली तर? निळी स्क्रीन ही डिस्प्लेच्या बाबतीत चांगली बातमी. चित्र येतंय ना! १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटमुळे जगभर विमानतळांपासून बँकांपर्यंत निळ्या स्क्रीन आल्या. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीनं. त्यातल्या मॉनिटरला काहीच झालं नव्हतं. एक सदोष फाईल काढली की मशीनं उठत होती.

कुठे थांबायचं आणि दुकानात काय बोलायचं

एसएमपीएस आणि मॉनिटर उघडायचे नाहीत. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहू शकते. जळका वास आला, बोर्डावरचे छोटे डबे फुगलेले दिसले, ठिणगी दिसली, की हात मागे घ्या. ते कारागिराचं काम.

दुकानात गेलात की "चालू होत नाही" एवढंच म्हणू नका. असं सांगा: "मॉनिटर वेगळा तपासलाय, नो सिग्नल दाखवतो. टीव्हीवरही चित्र नाही. नम लॉक लागत नाही. रॅम साफ करून एक-एक लावून पाहिली. हे बीपचं रेकॉर्डिंग." चांगला कारागीर यावर खूश होतो, त्याचा अर्धा वेळ वाचतो. आणि ज्याला न बघता बोर्ड विकायचाय, त्यालाही कळतं की समोरच्याला रस्ता माहितीय. काही बदललं तर जुना भाग परत मागून घ्या.

शेवटचं, आणि घाबरलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो. तुमचे फोटो, प्रोजेक्ट, मार्कशीट हे हार्ड डिस्कमध्ये असतात, स्क्रीनमध्ये नाही. डिस्प्ले नसला म्हणून ते पुसलं जात नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशिनला जोडता येते. म्हणून "फॉरमॅट मारून बघू" असं कोणी म्हणालं तर आधी डेटा काढून घ्यायला सांगा. आणि फॉर्मची तारीख उद्याची असेल तर दुरुस्तीच्या मागे लागू नका. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साईट निवडून भरा, नाहीतर जवळच्या केंद्रावर जा. कॉम्प्युटर परवा बघू.

क्रम परत एकदा सांगतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा: वीज, मॉनिटर एकटा, टीव्ही, केबल आणि भोक, नम लॉक, बीप, निचरा, रॅम, सेल. या क्रमाने जा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या तर चालू झाल्यावरही कळणार नाही की दुखणं कशात होतं.

तुमच्या मशिनची बीप ओळखता येत नसेल तर रेकॉर्डिंग आणि मागच्या बाजूचा फोटो मला पाठवा, आपण पुढच्या भागात ऐकून बघू. तोवर काळजी घ्या, आणि यूपीएसची बॅटरी एकदा तपासा. भेटूच!